नामीचे कागद

१३ जानेवारी, सोमवार
टी.वाय.ला वसाहतकाळातली कादंबरी चालू आहे. बंगला, व्हरांडा, साहेब, मेमसाहेब, आणि कोपऱ्यात तान्हं बाळ घेऊन उभी असलेली आया. एका मुलीने विचारलं, मॅडम, या आयाचं नाव काय? म्हटलं, लेखकाने दिलेलं नाही. पुढे गेले.

दुपारी प्रिन्सिपॉल मॅडमनी एक मेल पाठवली. इंग्लंडहून, हेलन नावाच्या बाईंची. वय अठ्ठ्याहत्तर. वडील मीठ खात्यात साहेब होते, पनवेल–उरणच्या खाडीकाठी बंगला. ही काही महिन्यांची असताना इंग्रज गेले, हेही गेले. बरोबर आयाला नेली. आयाला लिहिता येत नव्हतं. ती सांगे आणि ही पोर शाळेच्या वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून घेई. मग ते निळ्या पत्रावर उतरवायचं आणि टपालात टाकायचं. ती कच्ची वही आता सापडलीय. "तेव्हा मला ही भाषा येत असणार. आता एक शब्द कळत नाही." लंडनच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, हिंदी नाही. दुसऱ्यांचं मत, बडबडगीत असावं, त्यात 'टूना' मासा फार वेळा येतो.

एका पानाचा फोटो जोडलाय. मोठी गोल अक्षरं. मनात वाचलं, काही लागेना. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने वाचलं.

टूना नाही. 'तुना'. तुला. 'मना', मला. हे आमच्या घरचं बोलणं आहे.

आणि ते जागोजागी कॅपिटल 'आय' आलंय ते इंग्रजीतलं मी नव्हे. ती आय आहे. आई.

"दादा, आमी बरी हाव. इकरं थंडी लय. पदीला सांग आय येतंय. सायब बोलतंय म्होरल्या बोटीन धारतंय. पदीचं केस कापू नको."

आमच्याकडे एक पदी आहे. पण पदी काय, आमच्या आगरी गावांत घरटी एक सापडेल. उगाच काहीतरी.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ घेऊन जासईला, पदीआत्याकडे. दरवर्षी जातेच. समोर कंटेनर यार्ड, ट्रेलरची रांग, धूळ. आत्या ओटीवर खुर्ची टाकून. चौऱ्याऐंशी वर्षांची. केस अजून कंबरेपर्यंत, पांढरेशुभ्र.

ती बाबांची आतेबहीण. तिचे वडील आधीच गेलेले. आई नामी मिठागरात कामाला जायची, नंतर मिठाच्या साहेबाच्या बंगल्यावर. आत्या सहा-सात वर्षांची असताना नामी खाडीत बुडून गेली. मग मामाने, म्हणजे माझ्या आज्याने, हसुरामने, आत्याला वाढवलं. घरात हे असंच सांगितलं जातं. भाद्रपदात नामीच्या नावाने पितर घालतात, मीच दोनदा वडे तळलेत.

"काय बगतंस गो केसांकरं?" आत्या म्हणाली. काही नाही म्हटलं.

१६ जानेवारी, गुरुवार
हेलनबाईंना लिहिलं. आयाचं नाव काय? अजून पानं आहेत का? तारीख, गाव, काहीही. पाठवल्यावर दहा वेळा मेल उघडून पाहिली.

१९ जानेवारी, रविवार
उत्तर आलं. आयाचं नाव मेरी. हुश्श झालं. खरंच सुटल्यासारखं वाटलं. मेरी म्हणजे वसईची नाहीतर गोव्याची कोणी असेल.

पुढची ओळ: "मी मात्र तिला नॅमी म्हणायचे. मला नॅनी म्हणता येत नसे, असं आई सांगे."

नॅमी.

सोबत पाच पानं. तिसऱ्या पानाच्या सुरुवातीला, मोठ्या अक्षरांत, खाली दोनदा रेघ मारून: 'हसूदादा'. आणि शेवटी पत्ता. जासई, व्हाया पनवेल, जिल्हा कुलाबा.

ओट्यावर दूध उतू गेलं. मोहन म्हणाला, काय झालं? म्हटलं, नामी बुडाली नव्हती. तो म्हणाला, कोण नामी? इतक्या वर्षांच्या संसारात हे नाव त्याच्यासमोर निघालंच नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार
लेक्चर घेता आलं नाही. तब्येत बरी नाही सांगून खांदा कॉलनीतल्या घरापर्यंत चालत आले. रस्ताभर एकच. आम्ही दरवर्षी तिला वडे-खीर ठेवत होतो आणि ती तेव्हा...

हेलनबाई लिहितात, ती नंतर चोवीस वर्षं होती.

चोवीस.

२३ जानेवारी, गुरुवार
रमेशदादाला भेटले. आत्याचा थोरला, ट्रेलरचा धंदा आहे. यार्डातल्या त्याच्या केबिनमध्ये बसून सगळी पानं वाचून दाखवली. पहिल्या पानाला हसला, "कोनी तरी फसवतंय तुना." तिसऱ्या पानाला फोन उलटा ठेवला. पाचव्यात होतं, "पदीच्या पायावरचा भाजल्याचा डाग गेला का?"

आत्याच्या डाव्या पोटरीवर डाग आहे. आम्ही सगळ्यांनी पाहिलाय.

रमेशदादा उठला, केबिनचं दार लावलं. म्हणाला, "आयला सांगू नको. चौऱ्याऐंशी वरसांची हाय ती. आता सांगून काय करशील? लोकं काय बोलतील, गोऱ्यासंगं गेली?"

"लोकं मेली रे ती."

"मेली तरी बोलतात."

बाहेर येऊन गाडीत बसले. मला राग कोणाचा आलाय तेच कळेना. रमेशदादाचा नाही. मग?

२ फेब्रुवारी, रविवार
हेलनबाईंशी व्हिडिओ कॉल. बारीक चण, जाड स्वेटर, मागे खिडकी. मी सगळं सांगितलं. ओळ ओळ वाचली, अर्थ सांगितला. पदी कोण, ती अजून आहे, इथून बारा-पंधरा किलोमीटरवर आहे.

मग म्हणाल्या, "आम्हाला सांगितलं होतं, तिचं तिकडे कोणी नाही. आई म्हणायची, मेरीने स्वतःच आमच्याकडे राहायचं ठरवलं."

मी म्हटलं, तुमच्याच अक्षरात लिहिलंय, म्होरल्या बोटीने धाडणार. एका पानावर नाही, चार पानांवर.

त्यांनी चष्मा काढला. "मग मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सात वर्षांची असताना मला ही भाषा कळत होती. म्हणजे तिला मुलगी आहे हे मला माहीत होतं. आणि मी विसरले. असं कसं कोणी विसरतं?"

मग म्हणाल्या, "तो 'आय' म्हणजे मीच असं मला वाटायचं. वाटायचं, वहीभर माझ्याबद्दलच लिहिलंय."

त्या येणार आहेत. याच महिन्यात. नको म्हणायला हवं होतं. आत्याला अजून काही माहीत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं.

रमेशदादा ओटीवर आला नाही, आतल्या खोलीत बसून राहिला. आत्या वालाच्या शेंगा सोलत होती. मीही सोलायला घेतल्या. सांगताना माझं प्रमाण मराठी सुटत गेलं. चाळीस वर्षांनी तोंडातून 'नाय' निघालं. मला आश्चर्य वाटायलाही वेळ नव्हता.

आत्याचे हात थांबले नाहीत. "मंग खारीत नाय गेली?"

"नाय."

"किती वरसं जगली?"

सांगितलं.

"मंग माझा रमेश झाला तवा जिती व्हती." अजून दोन शेंगा सोलल्या. "कागद याचे."

मी म्हटलं, पत्रं यायची? कसली?

"निले. पातल. तिकटावर आदी राजा व्हता, मंग रानी. मामा हातान घेऊन बसाचा. वाचता कोनाला येत व्हता? एक डाव पनवेलला वकिलाकरं नेला. वकील बोलला, ह्यो इंग्रजी नाय, कोनी येड्यान लिवलाय. तवापासून नेला नाय."

"मग कागद कुठेत?"

शेंग तिच्या हातातच राहिली. "मामा बोलाचा, मिठाच्या सायबाचा हाय, आपल्या कामाचा नाय. मना दियाचा. बोलाचा, चुलीत घाल." मग माझ्याकडे न बघता, "पाटंची चूल मीच पेटवाची गो."

आतून रमेशदादाच्या रडण्याचा आवाज. साठीचा माणूस.

मी विचारलं, आज्याला माहीत होतं? ती म्हणाली, "नाय कसा? इलायतेशून आपल्याला कागद कोन लिवल? पर तेरावा घालून झालेला. गावजेवन झाला. मंग जिती कशी करल?"

मला आज्या मांडीवर घ्यायचा. खिशात खोबऱ्याची वडी असायची माझ्यासाठी. घरी आले तेव्हापासून हे एकच डोक्यात. तोच हात.

१२ फेब्रुवारी, बुधवार
रमेशदादाचा फोन. आत्या तीन दिवस जेवतेय, झोपतेय, सगळं नेहमीसारखं. फक्त चहा गॅसवर ठेवायचा झाला की सुनेला हाक मारते. स्वतः पेटवत नाही.

हेलनबाईंना विमानाचं तिकीट रद्द करायला सांगू का, विचारलं. रमेशदादाने आत्याला विचारून परत फोन केला. "येऊ दे बोलतंय. तिला बगाची हाय कोन ती."

१८ फेब्रुवारी, मंगळवार
हेलनबाई आल्या. पनवेलच्या हॉटेलवरून मी त्यांना घेऊन जासईला. वाटेत बंगल्याची जागा दाखवा म्हणाल्या. कुठली जागा? सगळा भराव. निळे-लाल कंटेनर एकावर एक. त्या गाडीतून उतरल्या, धुळीत उभ्या राहिल्या, परत बसल्या.

आत्याने नवं लुगडं नेसलं होतं. दोघी समोरासमोर. कोणी हात पुढे केला नाही. आत्या डोक्यापासून पायापर्यंत बघत होती, बाजारात मासळी बघतात तसं, डोळे, कल्ले. मला म्हणाली, "ही तर म्हातारी हाय." तिच्या मनात अजून तान्हं बाळच होतं बहुतेक, सायबाचं.

सुनेने तांदळाची भाकरी, सुकट, वालाची भाजी असं ताट आणलं. आत्या म्हणाली, "जेव."

आणि हेलनबाई, मान खाली घालून, अगदी सहज: "मना नको."

सून ताट धरून तशीच. हेलनबाईंनी स्वतःचंच तोंड हाताने दाबलं, जणू दुसरंच कोणी बोललं. उच्चार इंग्रजी नव्हता. माझ्या आजीचा होता.

आत्या पुढे सरकली. "काय बोलली? आनखीन बोल."

हेलनबाईंनी डोळे मिटले. एकेक शब्द येत गेला. "ये गो बाय." "नीज." "पाय धू." मग एकदम पूर्ण वाक्य, दटावणीच्या सुरात, बोट वर करून: "गप बस, नाय तं खारीत टाकीन!"

त्यांना अर्थ माहीत नव्हता. माझ्याकडे बघून हसल्या, बरोबर का, अशा.

आत्या पांढरी पडली. "मनाबी हाच बोलाची," म्हणाली. "ह्यो आवाज... असाच बोलाची." आणि उठून आत गेली. अर्धा तास बाहेर आली नाही. हेलनबाई विचारत होत्या, मी काय बोलले? काही वाईट बोलले का? मी सांगितलं. खाडी म्हणजे काय आणि या घरात खाडीचा अर्थ काय झाला होता, तेही.

भाकरी तशीच राहिली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शिवजयंतीची सुट्टी. सकाळी दहालाच जासई. आत्याने निरोप दिला होता, सगळी वही वाच.

अख्खी वही वाचली. एकोणीस कागद. मी वाचायची, आत्या ऐकायची, हेलनबाई माझ्या शेजारी स्वतःचं बालपणीचं अक्षर बघत. मधेच पेन्सिलीने काढलेली फुलं, मांजर. त्यात हे सगळं. हात फुटलेत. मेमसायब बरी हाय पर बोटीचा काय बोलत नाय. पदीचं लगीन माझ्यावाचून करू नको. शेवटच्या तीन कागदांत बोटीचं नाव नाही.

आत्याने एवढंच विचारलं, "म्होरं कागद का बंद झालं? माझ्या लग्नाच्या आदी दोन-तीन वरसं येत नवतं."

मी इंग्रजीत विचारलं. हेलनबाई बोलायला लागल्या, आणि मग थांबेनात. बाराव्या वर्षी होस्टेलवर घातलं. सुट्टीत मैत्रीण घरी आली होती. तिच्यासमोर नॅमी या भाषेत बोलली, यांनी उत्तर दिलं, मैत्रीण हसली. शाळेत सगळ्यांना सांगितलं, हिला काळ्यांची भाषा येते, ही नक्की इंग्लिश आहे ना? "पुढच्या सुट्टीत नॅमी वही घेऊन आली. मी म्हटलं, मी हे आता लिहिणार नाही. बोलणारही नाही. तू माझ्याशी इंग्लिश बोल. तिने वही टेबलावर ठेवली. परत कधी सांगितलं नाही. मला इंग्लिश व्हायचं होतं. मी इंग्लिशच होते, तरी."

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "त्यांना लांब शालेत टाकली, म्हनून बंद झालं."

का तसं बोलले? आत्याला त्रास नको म्हणून, असं मी आत्ता लिहिणार होते. खोटं आहे. अकरावीत पनवेलच्या कॉलेजात मी 'नाय' म्हटलं आणि वर्ग हसला. त्या दिवशी घरी येऊन आईला म्हटलं होतं, माझ्या मैत्रिणी आल्या की तू आतच बस. आई बसली. मैत्रिणी आल्या की आतच बसायची, पुढची सगळी वर्षं. मी हेलनबाईंना वाचवत नव्हते.

आत्या म्हणाली, "ती यवरा बोलली न् तू यवराच सांगतंस?"

मग सगळं सांगितलं. जसंच्या तसं. हेलनबाई मान खाली घालून बसल्या होत्या, आपल्याबद्दल काय सांगितलं जातंय ते त्यांना शब्द न कळता कळत होतं.

आत्याने सुनेला चहा सांगितला. कप स्वतः हेलनबाईंच्या पुढे ठेवला. पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

हेलनबाईंनी फोनवर फोटो दाखवला. हिरवं गवत, चर्चची भिंत, तिरका झालेला दगड. त्यावर 'मेरी, या घराची इमानी सेविका'. बस. त्यांची विनंती अशी, दगड नवा करायचा, त्यावर नामी हे नाव, पदीची आई असं लिहायचं. आत्याची परवानगी हवी.

मला वाटलं होतं आत्या रडेल. ती म्हणाली, "पुरली? जालली नाय?"

हेलनबाईंनी सांगितलं, पाद्रीने चर्चच्या आवारात पुरायचं तर बाप्तिस्मा हवा म्हटलं, म्हणून शेवटच्या आठवड्यात दिला. नॅमी तेव्हा शुद्धीवर नव्हती. मी हेही सांगितलं. आता मी काही गाळत नव्हते.

रमेशदादा खुर्चीवरून उठलाच. "न इचारता बाटवली?"

आत्याने हाताने त्याला बसवला. हेलनबाईंना थेट म्हणाली, माझ्याकडे बघितलंही नाही, "नाव नको बदलू. ती मना दे."

मी भाषांतर केलं. हेलनबाईंना आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्यांचा चेहरा... कोणी कानाखाली मारल्यासारखा. "हाडं? चोपन्न वर्षांनी?"

"जालाची हायती. खारीत सोराची हायती," आत्या म्हणाली. जाळायची, खाडीत सोडायची, मी इंग्रजीत सांगितलं. "तेरावा खोटा घातला आमी. आता खरा घालाचा."

"तिच्या बाजूची जागा माझी आहे," हेलनबाई म्हणाल्या. "मी नवरा केला नाही, मूल नाही. ती जागा मी स्वतःसाठी राखून ठेवलीय. ती माझी पण आई होती."

हे वाक्य मला सांगवेना. सांगितलं. 'आय' हाच शब्द वापरला, दुसरा होता कुठे.

आत्या शांतपणे म्हणाली, "तुजी आय मेमसायब. तुना दोन व्हत्या. मना एकच व्हती, ती तुमी नेली. वापरली. आता हाडां बी तुमचीच?"

इंग्रजीत सांगताना 'वापरली' ला मी मऊ शब्द शोधला नाही. हेलनबाई उठल्या, पिशवी घेतली. दारात चप्पल घालताना त्यांचा तोल गेला. धरायला सगळ्यात आधी आत्याचा हात गेला. मग तिनेच तो काढून घेतला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
हेलनबाईंना विमानतळावर सोडलं. वही मला दिली. म्हणाल्या, ही तुमच्या भाषेत आहे. मी म्हटलं, अक्षर तुमचं आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच नको.

परतताना घरापर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही.

१० मार्च, सोमवार
टी.वाय.ची ती मुलगी पुन्हा भेटली. मॅडम, त्या आयाबद्दल मी प्रोजेक्ट करू का? मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी रमेशदादाचा वैतागलेला फोन. आत्याला पासपोर्ट काढायचाय. "तू सांग तिला. कोन गावाला लग्नाला जायाचा तं गारी लागतंय म्हनून नाय जात, आनी इलायत?" मी सांगणार नाही म्हटलं. 

१८ मार्च, मंगळवार
शेवटी रमेशदादाच आत्याला घेऊन पासपोर्ट ऑफिसात गेला. फॉर्मवर आईचं नाव लिहिताना क्लार्कने विचारलं, हयात की मयत? आत्या म्हणाली, "ह्याच तं भानगर हाय."

२ एप्रिल, बुधवार
हेलनबाईंची मेल. त्यांनी चर्चला स्वतः कळवलंय, लपवलं नाही. चर्चचं म्हणणं, कबर उघडायची तर जवळच्या नातलगाचा लेखी अर्ज हवा आणि कोणाचा विरोध नसावा. त्या लिहितात: "मी विरोध करणार नाही असं लिहायला तीनदा बसले. तीनदा कागद टाकून दिला. संमतीही देता येत नाही. तुम्हाला खोटं सांगायचं नाही म्हणून सांगतेय."

आत्याचा अर्ज मला इंग्रजीत लिहायचाय. कॉलेजवरून थेट जासईला. पासपोर्टचा पोलीस येऊन गेला होता, आत्याने त्याला कैरीचं सरबत पाजलं होतं.

लॅपटॉप उघडून बसले. आत्याला हेलनबाईंची मेल जशीच्या तशी सांगितली. तिने ऐकली, पदराने खुर्चीचा हात पुसत राहिली. मग म्हणाली, "लिव. मी पदी, नामीची पोर."

लिहिलं.

"माझी आय तुमचेकरं हाय."

लिहिलं. पुढे काही येईना. वर बघितलं. आत्या बाहेर यार्डाकडे बघत होती, एक ट्रेलर मागे घेत होते, ड्रायव्हरला कोणी तरी हाका मारून मारून दिशा सांगत होतं.

"ती बाय," आत्या म्हणाली, "तिकरं एकलीच ऱ्हातंय काय गो?"

"हो. एकटीच."

"आजारी परली तं कोन बगतंय?"

म्हटलं, माहीत नाही. शेजारी असतील.

सून दिवा लावून गेली.

"आज ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "रविवारी ये."